राहत्या घरी

आमच्या भागात रेडिओनं सांगितल्याशिवाय माणूस मरत नाही. डॉक्टरनं मान हलवली, फादरनं कपाळाला तेल लावलं, तरी लोक वाट बघतात ती सकाळी अकराच्या बातम्यांची. बातम्या झाल्या की मयतांची यादी लागते: कोण गेलं, कुठल्या गावचं, दर्शन कुठं आणि कधी, मिस्सा कुठल्या चर्चमध्ये. तेवढी पाच मिनिटं बायका नळ बंद करतात आणि पुरुष ट्रॅक्टर. ओळखीचं नाव निघालं की मयताच्या घरी न्यायला लगेच सफरचंदाचा टार्ट भाजायला जातो.

रेडिओला ही यादी कळवायचं काम माझं. मी मॅलाकी टिअर्ननच्या पबमध्ये कामाला होते. पुढं पब, मागच्या अंगणात मयताची गाडी आणि पेट्या, असा त्याचा दुहेरी धंदा. घरची माणसं येऊन मजकूर सांगायची, मी लिहून घ्यायचे आणि फोनवर वाचून दाखवायचे. आधी वर्तमानपत्राला, मग आमचं रेडिओ स्टेशन निघाल्यावर तिकडे, अशी एकोणीस वर्षं झाली. यात नाव किंवा गाव चुकलं तर लोक नातवंडांच्या लग्नातसुद्धा ते बोलून दाखवतात, म्हणून मी फार जपून वाचायचे. १९९७च्या मार्चमधल्या त्या मंगळवारपर्यंत माझी एकही चूक झाली नव्हती.

ब्रीडा गिलहूली माझी मैत्रीण. क्लूनाच्या शाळेत ती मास्तरीण होती आणि अर्ध्या गावाला पाढे तिनंच शिकवले. तिच्या घरी एथना मल्वी राहायची. एथना फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची. १९६८ साली ती ब्रीडाकडे एक खोली भाड्यानं घेऊन आली आणि पुढं एकोणतीस वर्षं तिथंच राहिली. नंतर तर घरही दोघींच्या नावावर झालं, पण लोकांत बोलताना एथना 'भाडेकरीण'च.

दर गुरुवारी मी त्यांच्याकडे पत्ते खेळायला जायचे. मला खरी गोष्ट कळली ती अगदी साध्या कारणानं. आमच्याकडे वर्षातून दोनदा कुणा ना कुणाच्या घरी मिस्सा असते, पाळीपाळीनं. त्यांची पाळी आली तेव्हा पाहुण्यांचे कोट ठेवायला मला एथनाच्या खोलीत पाठवलं. पलंगावर छान गुलाबी चादर होती. कोटांच्या ओझ्यानं ती सरकली, तर खाली गादीला दुकानातलं प्लॅस्टिक तसंच! नऊ वर्षं राहणाऱ्या भाडेकरणीच्या गादीवर कुणी झोपलंच नव्हतं. मी चादर सारखी केली, बाहेर आले आणि सँडविचं वाटायला लागले.

मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ब्रीडाची शाळा चर्चची. एक शब्द जरी बाहेर पडला असता तरी तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून अळीमिळी गुपचिळी. पण खरं सांगते, मला राग होता. नवऱ्याच्या दारूपासून माझी पिशवी काढली तिथपर्यंत सगळं मी त्या टेबलावर ओतलं, आणि या दोघी मूग गिळून पत्ते पिसत बसल्या. मैत्रीत असं एकीनंच बोलायचं असतं का?

रविवारी संध्याकाळी ब्रीडाचं हृदय बंद पडलं. वय एकसष्ट. इस्पितळात नर्सनं विचारलं, "घरचं कोण?" आणि तिचा भाऊ यूजीन आत गेला. एथना बाहेर बाकावर बसली, हातात ब्रीडाचा चष्मा घेऊन. तासाभरानं यूजीन बाहेर आला आणि म्हणाला, "आटोपलं गं. तू जा घरी, उगीच ताटकळू नकोस." यूजीन दुष्ट माणूस नव्हता. जे दिसायला नको ते तो बघत नसे, आणि त्याला त्याचा वर्षानुवर्षांचा सराव होता.

त्याच्या मुली लंडनहून यायच्या होत्या म्हणून बातमी मंगळवारपर्यंत थांबवली. मंगळवारी सकाळी नऊला तो आणि त्याची बायको इमेल्डा पबमध्ये आले.

"लिही," इमेल्डा म्हणाली. "ब्रीडा गिलहूली, क्लूना. पार्थिव तिचे बंधू यूजीन यांच्या घरी, ड्रमकील, आज दुपारी दोन ते आठ. मागे भाऊ, भावजय, भाच्या, आप्त आणि शेजारी."

"तुमच्या घरी?" मी विचारलं. "तिचं स्वतःचं घर असताना?"

"आमची बैठक मोठी आहे. गालिचा पण नवा घातलाय."

"बरं. आणि एथना?"

"एथनाचं काय?"

"तिचं नाव कुठं घालू?"

"भाडेकरणीचं नाव रेडिओवर घालतात होय गं, गोरेटी? मग उद्या तुमच्या पबातल्या गिऱ्हाइकांचीही घाल."

यूजीन हातातली टोपी गोल गोल फिरवत होता. "ती शेजाऱ्यांत आली की," तो खाली बघून म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, त्यातून मयताचं. मी सांगितलं तसं लिहून घेतलं.

दहाला रेडिओला फोन लावला. त्या दिवशी चार मयतं होती. तीन वाचून झाली आणि ब्रीडावर आले तेव्हा मी अजून मनातल्या मनात इमेल्डाशी भांडत होते. "ब्रीडा गिलहूली, क्लूना," मी म्हणाले, "पार्थिव राहत्या घरी, दुपारी दोन ते आठ." एकोणीस वर्षं म्हणत आलेलं वाक्य, तोंडातून आपोआप गेलं. पलीकडच्या मुलीनं 'थँक्यू गोरेटी' म्हणून फोन ठेवला. मग मी कागदाकडे बघितलं.

इथपर्यंत चूक होती. पुढचं चुकीत मोडत नाही. अकराला अजून पाऊण तास होता, फोन हाताशी होता आणि नंबर मला झोपेत पाठ होता. मी फोन केला नाही. मी धुतलेले ग्लास पुन्हा धुवायला घेतले.

अकराच्या यादीत ते गेलं. सगळ्यांनी ऐकलं, दोन घरं सोडून. कारण मयताच्या घरी आमच्याकडे रेडिओ लावत नाहीत. यूजीनच्या घरी तो बंद होता, इमेल्डा गालिचा झाडत होती आणि मॅलाकी पेटी घेऊन तिथंच पोचला होता. एथनाच्या घरीही बंद होता, इमेल्डाच्या हिशेबानं ते मयताचं घर नसलं तरी.

एकला मी क्लूनाला गेले. एथना स्वयंपाकघरात कोट-हॅट घालून बसली होती. दोनला यूजीनच्या घरी रांगेत उभं राहायचं म्हणून तासभर आधीच तयार.

"तिला निळा सूट घातलाय," ती म्हणाली. "इमेल्डानं मागवला, मी इस्त्री करून दिला. गळ्याशी टोचायचा गं तिला तो. तुझ्या पंचविसाव्या वाढदिवसाला, लग्नाच्या, घातला होता तेव्हा घरी येईस्तोवर कुरकुर चालली होती."

"एथना, कोट काढ."

"का?"

"लोक इथं येणारेत. मी रेडिओवर राहत्या घरी म्हणून सांगून बसले."

आधी तिला कळलंच नाही. मग चेहरा पांढराफटक पडला. "फोन कर. आत्ताच्या आत्ता कर. चुकलं म्हणून सांग त्यांना."

"करते. दीडला यादी परत लागते, तू म्हणालीस तर आत्ता करते. पण मग यूजीनच्या बैठकीत तू रांगेत उभी राहणार, त्या दूधवाल्याच्या मागे. यूजीनचा हात हातात घेणार, इमेल्डाचा घेणार, 'फार वाईट झालं' म्हणणार आणि घरी येणार. तुझा हात कोण घेणार, सांग?"

"मला नको कुणाचा हात! लोक काय म्हणतील, गोरेटी? इतकी वर्षं आम्ही..."

ती थांबली. मला वाटलं, आता तरी सांगेल. नाहीच सांगितलं. माझा मेला स्वभावच असला, शेवटी मलाच राहवलं नाही.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "वीस वर्षं माहीत आहे. आणि तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत."

"ब्रीडा म्हणायची ते खरंच," एथना म्हणाली. "ती म्हणायची, गोरेटीला कळलंय. एखाद्या गुरुवारी विचारेल ती. तू येऊन गेलीस की दर वेळी म्हणायची, आज पण नाही विचारलं गं तिनं."

राग घेऊन मी इतकी वर्षं तिथं जात होते आणि त्या दोघी माझ्या एका प्रश्नाची वाट बघत होत्या. ब्रीडाला तर आता सांगताही येणार नव्हतं. मी मोरीकडे तोंड करून उभी राहिले आणि रडले.

एथना उठून पॅसेजमध्ये गेली. फोन तिथंच, दाराशेजारी. तिनं रिसीव्हरवर हात ठेवला. मी थांबवलं नाही. एवढं तरी शहाणपण मला सुचलं.

तेवढ्यात बाहेर खडीवर गाडी वाजली. दाराच्या काचेतून विनी मल्हर्न दिसली, चौऱ्याऐंशीची, हातात टॉवेलात गुंडाळलेला टार्ट, आणि तिच्या मागे खुर्च्या घेऊन शेजारचे दोघे. मयताच्या घरी खुर्च्या कमी पडतात हे काय कुणी सांगावं लागतं? एथनानं फोनवरचा हात काढला. हॅट काढून खुंटीला लावली आणि दार उघडलं.

"फार वाईट झालं गं, एथना," विनी म्हणाली आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"हो. थँक्यू, विनी. यूजीनला सांगते तुम्ही आला होता म्हणून."

तीनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या. अंगणात पुरुष सिगारेट ओढत उभे, बैठकीत टेबलं मांडून त्यावर हॅम आणि अंड्याची सँडविचं, स्वयंपाकघरात चहाच्या किटल्यांचा ताबा दोन बायकांनी घेतलेला. एथना शेगडीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि तिच्यापुढून रांग सरकत होती. ब्रीडानं पाढे शिकवलेले टकले बाप्ये, वाचनालयाच्या गाडीतून पुस्तकं नेणाऱ्या म्हाताऱ्या. प्रत्येकजण हात धरायचा आणि तेच चार शब्द म्हणायचा. सुरुवातीला एथना प्रत्येकाला "यूजीनला सांगते" म्हणत होती. विसाव्या-पंचविसाव्या माणसानंतर ती ते म्हणेनाशी झाली.

पण मग लोक इकडेतिकडे बघायला लागले.

"कुठं ठेवलंय तिला?" एकीनं मला हळूच विचारलं.

"येतेय. वाटेत आहे," मी दडपून सांगितलं.

सव्वातीनला फोन वाजला. मॅलाकी होता. "गोरेटी, पेटी इथं आणि माणसं तिथं! काय करून ठेवलंस तू? यूजीनच्या घरी मी आहे, फादर आहेत आणि तीन अख्खे हॅम आहेत. बाकी चिटपाखरू नाही!"

"माझी चूक झाली, मॅलाकी."

"ती नंतर बघू. आधी त्या सगळ्यांना इकडं हाक."

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, चूक माझी, दर्शन ड्रमकीलला आहे, यूजीनच्या घरी. कुणी जागचं हललं नाही. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, मग एथनाकडे.

"मी काही हलत नाही," विनी म्हणाली. "रेडिओनं इथं सांगितलं, मी इथं आले, टार्ट इथं कापला. राहती इथं होती ना ती? मग तिनंच यावं."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग चारचौघं हसले. एथनासुद्धा, तोंडावर रुमाल धरून.

चारच्या सुमाराला यूजीन एकटाच गाडी घेऊन आला. अंगणातल्या पुरुषांनी टोप्या काढल्या आणि वाट दिली. तो आत आला तेव्हा चेहरा लालबुंद. आता हा सगळ्यांना ओरडून बाहेर काढणार आणि एथना पुन्हा भाडेकरीण होणार, असं मला वाटलं.

"तुझं काम हे," तो मला म्हणाला.

"माझंच."

तो आणखी काही बोलणार होता, पण तो दारात उभा होता आणि दारात रांगेचं शेपूट होतं. त्याच्या पुढची बाई एक पाऊल सरकली, त्याच्या मागं आणखी दोघं येऊन उभे राहिले. आमच्याकडे रांग मोडून पुढं जात नाहीत, निदान मयताच्या घरी तरी. तोही सरकला. त्याच्यापुढं सहाजण होते. त्या सहाही जणांनी एथनाला काय काय सांगितलं ते त्याला ऐकावं लागलं. एक जण म्हणाला, "तुमच्या दोघींच्या घरी मी अक्षरं शिकलो, रोज संध्याकाळी. आठवतं का? तुम्ही मला दूध द्यायचा." वयानं पन्नाशीचा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी.

मग यूजीनची पाळी आली. एथना त्याला बघून उठायला लागली, पण त्यानं हातानंच बस म्हटलं.

"चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या गं आम्ही," तो म्हणाला. "दोन तास. कुणी आलं नाही. ती तिथं एकटी पडलीय." त्याचा आवाज फुटला. "आणतो तिला. चालेल ना?"

एथनानं मान डोलावली.

पाऊण तासात मॅलाकीची काळी गाडी दारात लागली. मागं इमेल्डा, दोन मुली आणि ते तीन हॅम. पेटी सहाजणांनी उचलली, पुढच्या कोपऱ्याला यूजीन. पॅसेजमध्ये आले आणि थांबले.

"बैठकीत ठेवा," इमेल्डा म्हणाली.

"बैठकीत टेबलं मांडलीत, तिथं पेटी मावायची नाही," मॅलाकी म्हणाला. "तिच्या खोलीतच ठेवू." पॅसेजमध्ये समोरासमोर दोन दारं, दोन्ही बंद. त्यानं एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. तो बिचारा नुसतं काम करत होता. "तिची खोली कुठली?"

बैठकीतली बडबड थांबली. स्वयंपाकघरातल्या किटलीवाल्या बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. सहाजणांच्या खांद्यावर ओझं, आणि सगळं घर त्या एका उत्तरासाठी थांबलं. 'डावीकडची' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खोटंही नव्हतं. उजवीकडचं, त्या गुलाबी चादरीच्या खोलीचं दार बंदच राहिलं असतं आणि आम्ही सगळे पुन्हा काही न दिसल्यासारखं सँडविचं खायला लागलो असतो.

एथना पुढं आली. तिनं डावीकडचं दार सताड उघडलं.

"ही," ती म्हणाली. "आमची."

आत मोठा पलंग, दोन उशा, दोन्हीकडे दिवे. एकीकडे ब्रीडाचा चष्मा ठेवलेला. सगळ्यांनी बघितलं. इमेल्डानं तोंड उघडलं, तेव्हा तिच्या शेजारी उभ्या असलेल्या विनीनं टार्टची बशी तिच्या हातात दिली. "धर जरा," ती म्हणाली.

मॅलाकीनं खोलीचा अंदाज घेतला. "पेटीला जागा करायची तर पलंग सरकवावा लागेल," तो म्हणाला.

पेटी पॅसेजमध्ये चार खुर्च्यांवर टेकवली. यूजीन आत गेला. पलंगाकडे बघत क्षणभर उभा राहिला, मग कोट काढून त्यानं माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि पायथ्याला हात घातला.

"कुठली बाजू भिंतीला लावू, एथना?" त्यानं विचारलं.

"माझी," ती म्हणाली. "तिची मोकळी राहू दे."

त्यानं मान डोलावली आणि पलंग ढकलला.